एका गोष्टीत एकच खोटं

श्यामकांत कर्णिक कारखान्यातून घरी आला की अंगातला शर्ट दारातच काढायचा. रंगद्रव्यांच्या कारखान्यातली नोकरी, त्यामुळे कपड्यांना वास असायचाच, आणि तो घरात शिरता कामा नये असा बदलापूरच्या बेलवलीतल्या त्यांच्या दोन खोल्यांचा कायदा होता. कायदा कुमुदिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने केलेला. पण शर्ट बादलीत बुडवण्याआधी तीच तो क्षणभर नाकाशी धरायची आणि सांगायची, "आज कडू बदाम. नायट्रोबेंझिन चाललंय वाटतं." दुसऱ्या दिवशी म्हणायची, "आज अमोनिया." ती पदार्थविज्ञान घेऊन बी. एस्सी. झालेली, अंबरनाथच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारी. तिचे अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघत. श्यामकांतला त्याचं फार कौतुक. प्लँटमधल्या मित्रांना तो सांगायचा, की माझ्या घरी प्रॉडक्शन रिपोर्ट मी पोचायच्या आधी पोचतो.

१९८२च्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली होती आणि त्यांची मुलगी उमा आजोळी गेली होती. एक दिवस श्यामकांत घरी आला तर कुमुदिनीने शर्टाकडे बघितलंसुद्धा नाही. ती ओट्याशी उभी राहून पाठकोऱ्या कागदांवर भराभर काहीतरी लिहीत होती. शेजारी शेगडीवर भात करपत होता आणि तिच्या त्या तिखट नाकाला पत्ता नव्हता. त्याने गॅस बंद केला. ती मान वर न करता "झालंच" म्हणाली, आणि ते व्हायला बराच वेळ गेला. करपलेला भात खाताखाता तिने सांगितलं, की आपण एक गोष्ट लिहिली आहे, आणि ती पहिल्यांदा तुम्ही वाचायची आहे.

गोष्टीचं नाव होतं 'उद्याचा वास'. बेलवलीत राहणाऱ्या एका बाईला दुसऱ्या दिवशीचे वास आदल्या दिवशी यायला लागतात. उद्या दूध उतू जाणार असेल तर त्याचा जळका वास तिला आज येतो. उद्या कोण पाहुणा येणार, ते त्याच्या अत्तरावरून तिला आज कळतं. घरात सगळ्यांना सोय होते, शेजारीपाजारी विचारायला येऊ लागतात. मग एका सकाळी तिला उद्याचा कसलाच वास येत नाही. ना स्वयंपाकाचा, ना कारखान्यांचा, ना मातीचा. ती हे कुणालाही सांगत नाही. त्या दिवशी ती घरात आहे-नाही ते सगळं फोडणीला टाकते आणि दारं-खिडक्या सताड उघडून सगळ्यांना जेवायला वाढते. गोष्ट तिथे संपत होती.

श्यामकांतने ती एका बैठकीत वाचून काढली. मग त्याच्यातला केमिकल इंजिनिअर जागा झाला. वास म्हणजे पदार्थाचे कण, ते हवेतून येतात. उद्याचे कण आज कसे येतील, असं त्याने विचारलं. कुमुदिनीला या प्रश्नाचा राग आला नाही. उलट ती खूश झाली.

"येणार नाहीत," ती म्हणाली. "तेवढं एक खोटं तुम्ही मान्य करा. त्याच्या पुढचं सगळं मी खरं लिहिलंय का, ते सांगा."

त्याने पुन्हा वाचली. पुढचं सगळं खरं होतं. सासूने सुनेच्या नाकाचा वापर कसा केला असता, नवऱ्याने ऑफिसात बढाई कशी मारली असती, डॉक्टरांनी कोणती गोळी दिली असती, सगळं तसंच होतं. एका गोष्टीत एकच खोटं, हा नियम तिने त्या दिवशी बोलून दाखवला आणि पुढे कधी मोडला नाही.

गोष्ट घेऊन दोघं कल्याणला विष्णुपंत टिपणीस यांच्याकडे गेले. विष्णुपंत एक दिवाळी अंक काढत. अंक छोटा, पण ठाण्यापासून कर्जतपर्यंतच्या वाचनालयांत जाणारा. त्यांनी गोष्ट तिथेच बसून वाचली, चष्मा काढला, आणि कल्पना उत्तम असल्याचं सांगितलं. मग सूचना सुरू झाल्या. बाईच्या जागी एखादा प्रोफेसर घाला. विज्ञानकथा आहे, तर प्रयोगशाळा हवी, निदान दुर्बीण तरी हवी. जमलं तर सगळं अमेरिकेत न्या.

"बेलवलीत असं काय घडतं हो?" त्यांनी विचारलं.

"तेच तर लिहिलंय," कुमुदिनी म्हणाली.

विष्णुपंत हसले आणि त्यांनी गोष्ट आहे तशी ठेवून घेतली. दिवाळीला अंक आला तेव्हा ती अगदी शेवटी, वार्षिक राशिभविष्यानंतर छापलेली होती. श्यामकांतला ते लागलं. कुमुदिनी मात्र म्हणाली, की जागा उत्तम आहे, राशिभविष्य वाचायला प्रत्येक जण शेवटच्या पानांकडे जातोच. आणि झालंही तसंच. समोरच्या बिल्डिंगमधल्या राजाबाई राशिभविष्य वाचून पुढच्या पानावर गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी येऊन, आवाज खाली आणून, आमच्या अंजनीचं लग्न यंदा जमतंय का तेवढं बघता का, असं विचारून गेल्या. कुमुदिनीने त्यांना चहा दिला, विज्ञानकथा म्हणजे काय ते समजावलं. राजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि उठताना म्हणाल्या, "ते खरंच हो. पण सहज काही वास आला, तर सांगा."

पुढची दोन वर्षं ती लिहीत राहिली. रविवारी दोघं स्कूटरवरून चामटोलीच्या रस्त्याला जायची, भातखाचरांच्या बांधावर बसायची, आणि ती त्याला पुढच्या गोष्टीतलं एक खोटं सांगायची. ते खोटं खरं धरलं तर पुढे काय काय होईल, यावर दोघांचं तासन्‌तास चालायचं. श्यामकांतला साहित्यातलं फारसं कळत नव्हतं. पण एका टाकीतला दाब वाढला की तिसऱ्या टाकीचं काय होतं, याचा विचार करण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि कुमुदिनीला हवा होता तो नेमका हाच विचार. ती म्हणायची, की तुम्ही माझे सेफ्टी व्हॉल्व्ह आहात. त्याला ही उपमा फार आवडायची.

मग चौऱ्याऐंशी सालच्या डिसेंबरात भोपाळच्या वायुगळतीची बातमी आली. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या सगळ्या पट्ट्यात लोक एमआयडीसीच्या चिमण्यांकडे नव्या नजरेने बघू लागले. वारा कुठला आहे ते बघायची सवय बायकांना लागली. कुमुदिनीच्या शाळेत हेडबाईंनी तिला मुलांना गॅस आला तर नाकावर धरायच्या ओल्या रुमालाची माहिती द्यायला सांगितलं. तिने ती दिली, आणि संध्याकाळी श्यामकांतला विचारलं, की तुमच्याकडे क्लोरीनच्या टाक्या आहेत, त्या गळल्या तर कळणार कसं?

त्याने सांगितलं, की भोंगा आहे. हवेत क्लोरीन वाढला की आपोआप वाजतो.

वाजलाय कधी, तिने विचारलं.

त्यावर त्याला खरं सांगावं लागलं. भोंगा पूर्वी सारखा वाजायचा. जरा पाइप जोडला-काढला की बोंबलायचा, काम थांबायचं, प्रॉडक्शन बुडायचं. म्हणून कुणीतरी त्याचा स्विच बंद करून वर काळी चिकटपट्टी लावली होती. त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याने स्वतः एक-दोनदा मीटिंगमध्ये विषय काढला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या आणि पट्टी तशीच राहिली होती.

पुढच्या वर्षी कुमुदिनीने जी गोष्ट लिहिली, तिचं नाव 'साक्षीदार'. गोष्ट २०४० सालातली, एका बिननावाच्या गावातली. तिथे कारखान्याची हवा तपासणारं एक यंत्र बसवलेलं असतं, आणि त्या यंत्राला खोटं बोलता येत नाही, हे या गोष्टीतलं एक खोटं. मालक यंत्राला समजावतात, आमिषं दाखवतात, दुरुस्तीवाल्यांना बोलावतात. यंत्र प्रत्येकाला अदबीने तेच उत्तर देतं. शेवटी एक माणूस येतो आणि यंत्राच्या तोंडावर काळी चिकटपट्टी लावतो.

विष्णुपंतांनी पंच्याऐंशीच्या अंकात ती पहिल्या पानावर छापली.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, श्यामकांतला वर्क्स मॅनेजरच्या केबिनमधून बोलावणं आलं. मॅनेजर दिनानाथ सबनीस. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी आजारपण असलं तर स्वतःची गाडी पाठवणारा, पण वरून फोन आला की घाबरणारा. त्यांच्या टेबलावर दिवाळी अंक पडला होता. ही कुमुदिनी कर्णिक कोण, त्यांनी विचारलं. श्यामकांतने बायको म्हणून सांगितलं. सबनिसांनी अंक बोटाने पुढे सरकवला आणि बराच वेळ शांतपणे समजावलं. दिवस असे आहेत, लोक घाबरलेले आहेत, हेड ऑफिसातल्या कुणीतरी वाचलंय, तुझं प्रमोशन तोंडावर आहे. या कथेचा कोणत्याही कारखान्याशी संबंध नाही, असं बाईंनी संपादकांना कळवावं आणि यापुढे मंगळ-बिंगळ काय लिहायचं ते लिहावं. तेवढं केलं की विषय मिटला.

श्यामकांत त्या दिवशी घरी आला तो शर्ट न काढताच आत जाऊन बसला. सगळं ऐकल्यावर कुमुदिनी म्हणाली, "नोकरी तुमची आहे. तुम्ही म्हणाल ते मी लिहून देते."

ती ते मनापासून म्हणाली, हे त्याला कळलं, आणि म्हणूनच त्याला ते अवघड झालं. तिने कागद पुढे ओढला असता तर त्याने अडवलं नसतं. पण ती नुसती समोर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी स्कूटर कारखान्याच्या फाटकात शिरेपर्यंत आपण काय बोलणार आहोत, ते त्याला ठाऊक नव्हतं. केबिनमध्ये तो उभाच राहिला.

"साहेब, त्या गोष्टीत आपल्या प्लँटमधली एकच वस्तू आहे," तो म्हणाला. "चिकटपट्टी. तेवढी काढून टाका, म्हणजे ती गोष्ट आपोआप खोटी होईल. मग संपादकांना कळवायलासुद्धा नको."

सबनिसांनी अंक खणात टाकला आणि त्याला जायला सांगितलं.

प्रमोशन झालं नाही. नव्या वर्षात श्यामकांतची बदली प्लँटमधून स्टोअरमध्ये झाली. तिथे पिंपं, गोण्या, लेबलं आणि खिळे यांचा हिशेब ठेवायचा. इंजिनिअरला ही जागा म्हणजे अडगळच. घरी सांगताना त्याने ते हसण्यावारी नेलं, की आता शर्टाला नुसता पुठ्ठ्याचा वास येणार, तुझं काम वाढलं. कुमुदिनी हसली नाही. पुढे कितीतरी दिवस तिने कागद हातात घेतला नाही, आणि त्याला बदलीपेक्षा ते जास्त बोचलं. शेवटी एका रविवारी त्यानेच तिला चामटोलीच्या रस्त्याला नेलं, आणि बांधावर बसल्यावर विचारलं, "मग? पुढचं खोटं काय?" ती रडली, आणि मग तिने त्याला ते सांगितलं. बहुधा तिच्याकडे ते बरेच दिवस तयार होतं.

चिकटपट्टीचं काय झालं, ते स्टोअरमध्ये बसून श्यामकांतला उशिरा कळलं. बदलीनंतर काही आठवड्यांनी सबनीस स्वतः एका इलेक्ट्रिशियनला घेऊन क्लोरीनच्या शेडमध्ये गेले होते. जुना भोंगा काढून नवा बसवला होता. याबद्दल ते कुणाशी एक शब्द बोलले नाहीत. कामगारांत मात्र ती कथा पोचली होती. युनियनच्या खोलीत भीमराव जाधव नावाच्या ऑपरेटरने ती मोठ्याने वाचून दाखवली होती, आणि तेव्हापासून नव्या भोंग्याचं नाव 'वहिनी' पडलं होतं.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात, भर दुपारी, श्यामकांत स्टोअरमध्ये पिंपं मोजून घेत असताना तो भोंगा वाजला. आधी त्याला ओळखू आला नाही. मग बाहेर कुणीतरी ओरडलं, "वहिनी बोंबलतेय, चला!" आणि पाठोपाठ धावणारी पावलं ऐकू आली. तोही पळाला. फाटकाबाहेर, वाऱ्याच्या उलट बाजूला, सगळी शिफ्ट उभी होती. कुणी खोकत होतं, दोघातिघांचे डोळे लाल झाले होते. एका टाकीचा व्हॉल्व्ह निकामी झाला होता. गॅसचे मास्क चढवून दोन माणसं आत गेली आणि त्यांनी तो बंद केला. माणसं मोजली, सगळी होती. भीमराव ओल्या रुमालाने तोंड पुसत श्यामकांतजवळ आला आणि म्हणाला, "कर्णिकसाहेब, वहिनींना सांगा, आवाज खणखणीत आहे."

श्यामकांतने घरी जाऊन हा निरोप जसाच्या तसा दिला. कुमुदिनी शाळेतून नुकतीच आली होती, खांद्यावरची पर्ससुद्धा तिने काढली नव्हती. ती खुर्चीवर बसली, त्याचा हात तिने हातात घेतला, आणि उमा खेळून येईपर्यंत सोडला नाही. या प्रसंगावर तिने कधी एक ओळसुद्धा लिहिली नाही. त्यात एकही खोटं नाही, ती म्हणायची, मग गोष्ट कशी होणार?

पुस्तक काढायचं त्यानंतर मनात आलं. गोष्टी आता एका पुस्तकापुरत्या जमल्या होत्या. कुमुदिनीने त्या नीट लिहून पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांकडे पाठवल्या. उत्तरं आली ती सगळी सभ्य होती. एकाने कळवलं, की बायका विज्ञानकथा वाचत नाहीत आणि पुरुष बाईने लिहिलेल्या वाचत नाहीत, तेव्हा कठीण आहे. दुसऱ्याने अवकाशयानं आणि परग्रहावरचे प्राणी वाढवायला सांगितलं. तिसऱ्याकडून काहीच आलं नाही.

आता स्टोअरचं काम म्हटलं की लेबलं आली, आणि लेबलं उल्हासनगरला हासोमल यांच्या प्रेसमध्ये छापली जात. हासोमल साठीला आलेले, पांढरा लेंगा-सदरा घालणारे सिंधी गृहस्थ. साबणाची वेष्टनं, पापडाच्या पिशव्या, लग्नपत्रिका, काय वाटेल ते छापायचे. मराठी बोलायचे ती हिंदी मिसळून, पण न अडखळता. श्यामकांत महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जायचा, आणि एकदा बोलता बोलता त्याने बायकोच्या गोष्टींचं सांगितलं. हासोमलना मराठी अक्षरं सावकाश वाचता यायची. ते म्हणाले, "वाचायला लावू नका. त्यांना आणा, मी ऐकतो."

एका शुक्रवारी, उल्हासनगरच्या सुट्टीच्या दिवशी, कुमुदिनी त्यांच्याकडे गेली. मशीन बंद होतं, शुक्रवारी वीजही नसायची. शाईच्या डब्यांच्या मधे दोन स्टुलं ठेवली होती. कुठली गोष्ट वाचायची, हे ती रस्ताभर ठरवत होती, आणि ऐन वेळी तिने 'नदीचं नाव' काढली.

या गोष्टीत काही माणसांना आपला ग्रह सोडून दुसऱ्या ग्रहावर यावं लागतं. नवी जागा ओसाड. त्यांना राहायला लांबलचक बराकी मिळतात, बराकींना नावं नसतात, आकडे असतात. बराकींच्या मागे एक कोरडा चर असतो, पाण्याचा थेंब नसलेला. म्हातारी माणसं त्या चराला आपल्या जुन्या नदीचं नाव देतात. रोज संध्याकाळी तिथे जाऊन काठावर बसतात, लग्न झालं की नवरा-नवरीला तिथे नेतात. नव्या ग्रहावर जन्मलेली मुलं त्यांना हसतात. मग हळूहळू, कुणी न शिकवता, ती मुलंही तो चर पायांनी ओलांडायच्या आधी वाकून त्याला हात लावायला लागतात.

वाचून झालं तेव्हा हासोमल हातातल्या फडक्याची घडी घालत होते. घालून झाली की मोडत होते, पुन्हा घालत होते. सत्तेचाळीसनंतर ते सिंधमधून आईवडिलांबरोबर आले होते ते कल्याणजवळच्या या लष्करी छावणीत, आणि त्यांची पहिली पंधरा वर्षं अशाच एका आकड्याच्या बराकीत गेली होती.

"बहेन, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

कुमुदिनीने सांगितलं, की कुणी नाही. ती एका विद्यार्थिनीला शिकवायला उल्हासनगरच्या तिसऱ्या कॅम्पात जायची. तिथे त्या मुलीची आजी रोज नळाचं पाणी भरून झालं की कळशीला हात जोडायची. तेवढं पाहिलं होतं.

हासोमल उठले. त्यांनी पंखा लावायला हात वर केला, वीज नाही हे आठवलं, आणि ते परत येऊन बसले. किताब आपण काढू, ते म्हणाले. इथेच.

पुस्तक १९९०च्या पाडव्याला निघालं. 'उद्याचा वास आणि इतर विज्ञानकथा.' मुखपृष्ठ हासोमलच्या चित्रकाराने केलं होतं. त्याचा हात साबणाच्या वेष्टनांवर बसलेला, त्यामुळे गोलात एका सुंदर बाईचं तोंड, भोवती चांदण्या आणि खाली गुलाबाची फुलं-पानं असा सगळा थाट झाला. बदलापूरच्या एका दुकानात पुस्तक आठवडाभर अंगाला लावायच्या पावडरच्या शेजारी मांडलेलं होतं. श्यामकांतने ते हळूच उचलून वह्यांजवळ ठेवलं. कुमुदिनीला मुखपृष्ठ आवडलं. राजाबाईंसारख्यांनी न बिचकता हातात घ्यावं असं पुस्तक झालं आहे, ती म्हणाली.

विक्री काही धडाक्याने झाली नाही. हासोमल लग्नपत्रिका छापायला येणाऱ्या मराठी गिऱ्हाइकांच्या हातात एकेक प्रत ठेवायचे. वाचनालयांनी घेतली. अंबरनाथच्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांनी घेतली. हळूहळू दूरदूरची पत्रं येऊ लागली. एका परिचारिकेने लिहिलं होतं, की तिला खरोखरच वॉर्डात शिरताना वासावरून काही गोष्टी आधी कळतात आणि हे ती आजवर कुणाला बोलली नव्हती. कुमुदिनीने प्रत्येकाला उत्तर लिहिलं.

त्र्याण्णव साली ठाण्याला एका साहित्यमेळाव्यात विज्ञानकथेवर परिसंवाद होता. त्यात कुमुदिनीला बोलावलं. श्यामकांत श्रोत्यांत तिसऱ्या रांगेत बसला होता. तिच्या आधी बोलणाऱ्या समीक्षकांनी तिच्या गोष्टींचा गौरव केला, पण त्या विज्ञानकथा नसून स्वयंपाकघरातल्या अद्भुतकथा आहेत, असं मत दिलं. सभेत थोडा हशा झाला. कुमुदिनी माइकशी गेली, माइक तिच्या उंचीपेक्षा बराच वर होता, तो तिने खाली ओढला आणि म्हणाली, की विज्ञानाचा शोध कुठेही लागो, तो वापरला जातो घरात, आणि चुकला तर त्याचे परिणाम आधी घरात कळतात. म्हणून आपण तिथे उभं राहून बघतो. यापलीकडे तिने वाद घातला नाही. पुढची वीस मिनिटं ती आपल्या नव्या गोष्टीबद्दल बोलली, आणि हॉलमधे कुणी खोकलंसुद्धा नाही. त्या समीक्षकांनीच नंतर तिला विनंती करून ती गोष्ट आपण संपादित करत असलेल्या संग्रहासाठी मागून घेतली. परत येताना श्यामकांतला खूप काही बोलायचं होतं. त्याने एवढंच विचारलं, "माइक खाली ओढायचं कसं सुचलं?" कुमुदिनी म्हणाली, "रोज फळा पुसते. उंच वस्तूंची सवय आहे."

नव्वदच्या दशकात तिची आणखी दोन पुस्तकं निघाली, त्यातलं एक पुण्याच्या मोठ्या प्रकाशकाकडून. तोवर श्यामकांत स्टोअरचा प्रमुख झाला होता, सबनीस निवृत्त झाले होते. निरोपसमारंभात त्यांनी कुमुदिनीच्या पुस्तकावर तिची सही मागितली. तिने सही केली. 'साक्षीदार'बद्दल दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही, पण सबनिसांनी सही बघून पुस्तक छातीशी धरलं, ते श्यामकांतने पाहिलं.

शहाण्णव साली हासोमलनी एक काम केलं, जे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. 'नदीचं नाव' त्यांनी स्वतः सिंधीत उतरवली, लहानपणी शिकलेल्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीत. चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाच्या सणाला, त्यांच्या वस्तीत कार्यक्रम असायचा, त्यात ती वाचायचं ठरलं. कर्णिक दांपत्याला त्यांनी पहिल्या रांगेत बसवलं. मंडपात म्हातारी माणसं पुष्कळ होती, तरुण मंडळी मागे उभ्याने कुल्फी खात होती. हासोमल वाचू लागले.

कुमुदिनीला सिंधी येत नव्हतं. पण कुठलं वाक्य चाललंय ते तिला लयीवरून कळत असावं, कारण तिचे ओठ हलत होते. श्यामकांत तिच्याकडेच बघत होता. बराकींचा भाग आला तेव्हा मागची कुल्फीवाली मंडळी पुढे सरकली. नदीच्या नावाशी हासोमल आले, आणि त्यांनी कल्पनेतलं नाव न वाचता सिंधू हे खरं नाव घेतलं. मंडपात एक हलकासा आवाज उठला, सुस्कारा म्हणावा तसा. कुमुदिनीने वळून नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या गोष्टीत आज पहिल्यांदाच एक शब्द बदलला होता, आणि तिचा चेहरा उजळला होता.

वाचन संपल्यावर एक अतिशय वृद्ध बाई काठी टेकत तिच्यापाशी आल्या. त्यांनी तिचा हात धरून सिंधीत काहीतरी विचारलं. हासोमलनी अर्थ सांगितला, "त्या विचारतात, त्या चरात पुढे कधी पाणी आलं का?"

गोष्टीत ते लिहिलेलं नव्हतं. कुमुदिनी त्या बाईंना घेऊन खुर्च्यांवर बसली आणि हासोमलना मधे बसवून सांगू लागली. श्यामकांतला लांबून ऐकू येत नव्हतं. हात कसे हलतायत तेवढं दिसत होतं: खोदणं, वाकून बघणं, ओंजळ. वृद्ध बाई मान हलवत होत्या, मधेच काही विचारत होत्या, एकदा तर त्यांनी तिचं काही चुकतंय असं दाखवून स्वतःच हातवारे करून दुरुस्त केलं, आणि कुमुदिनीने ते लगेच मान्य केलं.

श्यामकांतने प्रसादाच्या गोड भाताचे दोन द्रोण आणले आणि तिच्या शेजारी ठेवले. तिला जेवणाची शुद्ध नव्हती. पुढच्या दिवाळीला ती गोष्ट 'नदीचं पाणी' म्हणून लिहिली गेली, आणि वर त्या बाईंचं, सतीबाईंचं, नाव सहलेखिका म्हणून छापलं गेलं. विष्णुपंतांच्या मुलाने, जो आता अंक सांभाळायचा, या सतीबाई कोण म्हणून फोन केला होता. कुमुदिनीने सांगितलं, की त्या उल्हासनगरला राहतात आणि पाण्यातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मग ती श्यामकांतला म्हणाली, की शुक्रवारी आपल्याला अंक पोचवायला तिकडे जायचंय, स्कूटरमध्ये पेट्रोल आहे ना ते बघून ठेवा.